कंपनीने पक्षाला देणगी दिली: भागधारक आणि नोकरदार म्हणून मी काय विचारू शकते?

भांडुपकरीण

नमस्कार मंडळी. मी लोअर परळला एका लिस्टेड कंपनीत अकाउंट्सला आहे. कंपनीचं नाव लिहिणार नाही, कृपया अंदाजही बांधू नका. प्रश्न एका कंपनीपुरता नाही.

कर्मचारी योजनेत मिळालेले थोडे शेअर माझ्या नावावर आहेत, म्हणजे वार्षिक अहवाल माझ्याकडे दोन्ही नात्यांनी येतो. यंदाचा चाळत असताना ‘इतर खर्च’ या टिपेत, जाहिरात आणि कायदेशीर सल्ला यांच्या मधे एक ओळ दिसली: राजकीय देणग्या, इलेक्टोरल ट्रस्टमार्फत, म्हणजे कंपन्यांकडून देणग्या घेऊन त्या पक्षांना वाटणाऱ्या संस्थेमार्फत. रक्कम आमच्या अख्ख्या विभागाच्या वर्षाच्या पगाराहून मोठी आहे. त्याच वर्षी ‘बाजार मंद आहे’ सांगून आमची पगारवाढ पुढे ढकलली होती. तेही डाचतंच, पण मी लिहायला बसले ते त्यासाठी नाही.

2024च्या विधानसभेच्या आधी आमच्याकडे सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. तिमाहीचे आकडे सांगून झाले आणि मग वरिष्ठांनी ‘आपल्या धंद्याला कसं सरकार हवं’ यावर बराच वेळ भाषण केलं. पक्षाचं नाव घेतलं नाही, पण हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला ते कळलं. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी ऑफिसच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला, खाली ‘सर्वांनी आपापल्या सोसायटीच्या ग्रुपवर पाठवा’. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाने पाठवला नाही. उलट स्वतःच्या फेसबुकवर दुसऱ्या बाजूचं चार ओळींचं काहीतरी लिहिलं. त्याला एचआरने आत बोलावून ‘कंपनीची प्रतिमा’ समजावून सांगितली. बाहेर आला, खुर्चीत बसला आणि माझ्यासमोरच ती पोस्ट काढून टाकली. त्याला मेमो दिला नाही, कुणी दमही दिला नाही. पण त्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर कुणी राजकारण बोलत नाही. खाली चहाच्या टपरीवरसुद्धा माणसं आधी मागे वळून बघतात.

देणगी कोणत्या पक्षाला गेली याच्याशी माझं भांडण नाही. माझ्या पसंतीच्या पक्षाला गेली असती तरी मी हेच लिहिलं असतं. कंपनीच्या नफ्यात माझे श्रम आहेत, भांडवलात माझा खारीचा वाटा आहे, आणि त्या पैशाने राजकारण कुणी करायचं हे मला न विचारता ठरतं. हे ठरवणारे नेमके कोण? भागधारकांच्या सभेत विचारता येतं का, आणि विचारलं तर उत्तर देणं त्यांना भाग आहे का? नोकरीला धक्का न लागता हे करता येईल का? कायद्यातलं जाणणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

नोटीसबोर्ड

ताई, मी पार्ल्याचा, कंपनी सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालो. तुमचा प्रश्न मुंबईत नवा नाही. तो इथेच, फोर्टातल्या उच्च न्यायालयात, 1957 साली विचारला गेला होता, म्हणून आधी तेवढं सांगतो.

टाटा आयर्न अँड स्टीलला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीच्या मूळ उद्देशपत्रात, बदल करून हवा होता. त्यासाठी तेव्हा न्यायालयाची परवानगी लागे. एका भागधारकाने हरकत घेतली आणि प्रकरण मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे गेलं. कायद्याने अडवता येत नव्हतं म्हणून छागलांनी परवानगी दिली. पण निकालात त्यांनी स्पष्ट इशारा दिला की ही गोष्ट वाढत जाऊन एक दिवस या देशातल्या लोकशाहीचाच गळा आवळू शकते, आणि संसदेने यात लक्ष घालावं. तुमच्यासारखाच एक भागधारक उभा राहिला म्हणून तो इशारा कागदावर आला. हरकत फेटाळली गेली तरी ती वाया गेली नाही, हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला सांगत आलो.

पुढे 1960 साली कायद्यात मर्यादा आली. 1969 साली कंपन्यांच्या देणग्यांवर सरळ बंदीच घातली. 1985 साली ती उठली. 2013च्या कंपनी कायद्यात कलम 182 आलं: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी, आणि हिशेबात पक्षाचं नाव लिहायचं. 2017च्या वित्त कायद्याने मर्यादाही काढली आणि नाव लिहिण्याची अटही. पाठोपाठ 2018पासून निवडणूक रोखे आले. 16 हजार कोटींहून जास्त रकमेचे रोखे विकले गेले आणि ते कुणी घेतले, कुणाला दिले, हे मतदाराला कळायची सोय नव्हती. 15 फेब्रुवारी 2024ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती योजना रद्द केली. बातम्यांमध्ये रोख्यांचा गाजावाजा झाला, पण त्याच निकालाने कलम 182मधले ते दोन्ही बदलही घटनाबाह्य ठरवले, याकडे फार कुणी लक्ष दिलं नाही. तुमच्या कामाचं तेच आहे. साडेसात टक्क्यांची मर्यादा परत आली, नावही परत आलं.

आता ठरवतं कोण? संचालक मंडळ. बैठकीत ठराव झाल्याशिवाय कंपनी एक रुपयाही देऊ शकत नाही, रोख तर मुळीच देता येत नाही. सरकारी कंपनी आणि तीन आर्थिक वर्षं पुरी न झालेली कंपनी देऊच शकत नाही. पण भागधारकांना विचारण्याची सक्ती कायद्यात कुठेच नाही, आणि मोठी उणीव आहे ती हीच. ऑडिटर नेमायला, संचालक निवडायला तुमचं मत लागतं. तुमच्या पैशाने पक्ष पोसायला लागत नाही.

ट्रस्टचं वेगळं आहे. इलेक्टोरल ट्रस्ट दरवर्षी निवडणूक आयोगाला अहवाल देतो, तो आयोगाच्या संकेतस्थळावर असतो. त्यात कोणत्या कंपनीकडून किती आले आणि कोणत्या पक्षाला किती गेले, अशा दोन याद्या असतात. मात्र अमक्याचा पैसा तमक्याला, अशी जोडी सहसा लावता येत नाही. त्यामुळे ट्रस्टमार्फत दिलं की तुमच्या अहवालात पक्षाचं नाव दिसत नाही. पक्षांनाही 20 हजारांवरच्या देणग्यांची यादी आयोगाला द्यावी लागते, तीही बघून ठेवा.

सभेचं म्हणाल तर हिशेब मंजुरीला येतात तेव्हा हिशेबातल्या कुठल्याही ओळीवर विचारण्याचा हक्क एक शेअरवाल्यालाही आहे. हल्ली सभा बहुतेक व्हिडिओवर असतात आणि बोलायचं असेल तर आधी ‘स्पीकर’ म्हणून नोंदणी करावी लागते. मुदत नोटिशीत बारीक अक्षरात असते, ती चुकवू नका. दोन-तीन मिनिटं मिळतात. सूत्रसंचालक नाव पुकारतो, माइक उघडतो, घंटा वाजली की बंद करतो. म्हणून प्रश्न त्याच वेळी ईमेलने सेक्रेटरीलाही पाठवा. तोंडी प्रश्न हवेत विरतो, ईमेलला पोच असते.

स्वतःचा ठराव मांडायचा तर मतदानाच्या हक्काचे एक दशांश भांडवल पाठीशी लागतं, ते विसरा. पण एक दार फारसं कुणी वापरत नाही: लिस्टेड कंपनीत एक हजार लहान भागधारक, किंवा एकूण लहान भागधारकांच्या एक दशांश, यांतला कमी आकडा एकत्र आला तर आपला एक संचालक नेमण्याची मागणी करू शकतो. लहान म्हणजे ज्याच्याकडच्या शेअरची दर्शनी किंमत 20 हजारांपर्यंत आहे तो. तुमच्या कंपनीत कर्मचारी योजनेचे शेअर किती जणांकडे आहेत, बघा.

भाषणाबद्दल: वरिष्ठांनी मत मांडणं हा गुन्हा नाही. ‘अमुक निवडून आलं नाही तर नोकऱ्या जातील’ अशी भीती घातली तर तो मतदारावर दबाव, आणि तो गुन्हा आहे. व्हिडिओ पाठवायला सांगणं या दोहोंच्या मधलं. त्यावर बोट ठेवता येईल असं कलम मला दिसत नाही. खासगी मालकाला घटनेतलं विचारस्वातंत्र्य थेट लागू होत नाही, हे कटू असलं तरी सत्य आहे.

आणि एक कळकळीने सांगतो. तुम्ही अकाउंट्सला आहात. छापून आलेल्या अहवालाबाहेरचा एकही आकडा प्रश्नात येऊ देऊ नका.

मुलुंडचा कारखानदार

दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये. माझं छोटं युनिट आहे, प्रायव्हेट लिमिटेड, पन्नासच्या आत माणसं. जीएसटीचा दर, विजेचा दर, आयातीवरचं शुल्क, सगळं सरकार ठरवतं आणि त्यावर माझ्या माणसांचा पगार अवलंबून असतो. मग कोणतं सरकार धंद्याला बरं यावर मी बोलायचं नाही का? युनियनवाले बोलतात, शेतकरी संघटना बोलतात. मालकालाही मत असतं.

ताईंच्या कंपनीत प्रवर्तकांकडेच निम्म्याहून जास्त शेअर असतील. उद्या मतदान घेतलं तरी निकाल तोच. मग सभेत विचारून काय हाती लागणार?

फक्त नोटीसबोर्ड काकांच्या एका मुद्द्याला माझा दुजोरा. निवडणूक आली की माझ्या गेटवर पावतीपुस्तकं घेऊन माणसं येतात, सगळ्या रंगांची. ‘बोर्डाचा ठराव लागतो, चेकच द्यावा लागतो आणि नाव हिशेबात छापावं लागतं’ असं म्हटलं की अर्धे तिथूनच मागे वळतात. 2017ला नाव छापायची अट काढली तेव्हा मोठ्यांची सोय झाली असेल, आम्हा लहानांचं एक संरक्षण गेलं होतं.

भांडुपकरीण

दादा, राग कसला. तुम्ही स्वतःच्या खिशातून कुणालाही द्या, चौकात उभं राहून भाषण करा, तुमचा हक्कच आहे तो. युनियन बोलते तेव्हा तिचा अध्यक्ष सभासदांनी निवडलेला असतो, आणि नाही पटलं तर वर्गणी थांबवता येते. मी माझ्या वरिष्ठांना निवडलेलं नाही. माझ्या श्रमातून आलेला पैसा त्यांनी माझ्या वतीने दिला आणि वर मीही त्यांच्याच बाजूने बोलावं अशी अपेक्षा धरली. मला खटकतं ते एवढंच.

निकाल तोच लागेल हे मान्य. पण प्रवर्तकांना निदान हात वर करून ‘आम्ही दिले’ म्हणावं लागेल. आज तेही लागत नाही.

कुर्ला पश्चिम

ताई, मी युनियनमध्ये आयुष्य घातलेला माणूस आहे. वरच्या चर्चेत सगळं भागधारकांभोवती फिरतंय, मला नोकरदाराबद्दल बोलायचंय. समजा तुमच्याकडे एकही शेअर नसता. मग तुम्हाला विचारण्याचा हक्क नव्हता? मी म्हणतो, होता. जो माणूस जागेपणीचे सर्वात जास्त तास ज्या छपराखाली काढतो, तिथल्या कारभारात त्याला आवाज असलाच पाहिजे.

आपल्या घटनेतही ते लिहिलेलं आहे. 1976च्या 42व्या दुरुस्तीने कलम 43अ आलं: उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग मिळवून देण्यासाठी सरकारने पावलं उचलावीत. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत टाकलं, त्यामुळे कोर्टात मागता येत नाही. जर्मनीने त्याच 1976 साली कायदा करून दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांत देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना दिल्या. इतकी वर्षं त्यांचे कारखाने चाललेच आहेत.

आणि आपल्याकडे झालंच नाही असं समजू नका. कुर्ल्याला एलबीएस रोडवर ‘कमानी’ नावाचा बसस्टॉप आहे. तिथून रोज उतरणाऱ्या किती जणांना माहीत असेल की कमानी ट्यूब्ज बंद पडल्यावर तिथल्या कामगारांनी कारखाना स्वतः चालवायला मागितला? मालकांच्या घरातल्या भांडणात कारखाना आजारी पडला होता. युनियन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि 1988 साली कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आला. कामगारांनी आपल्या प्रॉव्हिडंट फंडातले पैसे त्यात घातले. ज्या वेळी गिरणगावात 1982च्या संपानंतरची धूळ बसत होती, घरंच्या घरं गावाला परतत होती, त्याच वेळी काही मैलांवर कामगार स्वतःचा कारखाना चालवत होते. पुढे नव्वदीच्या दशकात तो अडचणीत आला, हे मी लपवणार नाही. खेळतं भांडवल, कर्जं, बाजार, सगळंच आड आलं. पण कामगाराला कारभार जमत नाही हे वाक्य मी तेव्हापासून कुणाकडून ऐकून घेत नाही.

लिज्जतचं तर सगळ्यांना माहीत आहे. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. आज हजारो बहिणी आहेत, आणि प्रत्येक बहीण मालक आहे, पगारी नोकर नाही.

कारखानदार दादांनी प्रवर्तकांच्या बहुमताचं म्हटलं, त्यावर एक सांगायचंय. जितका शेअर तितकं मत, हा काही निसर्गनियम नाही. आपल्या मुंबई महापालिकेत 1872 साली 64 सभासद होते, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे. ठरावीक रकमेवर कर भरणाऱ्यालाच मत. ज्याच्याकडे मालमत्ता त्यालाच शहराचं काय ते कळतं, असं शहाणी माणसं तेव्हा छातीठोकपणे म्हणत. प्रत्येक प्रौढाला मत मिळायला 1948 उजाडलं. शहर बुडालं नाही. कंपनीचं मात्र अजून 1872च चालू आहे. आणि आपल्या सोसायटीत बघा, सहकार कायद्याने एका सभासदाला एकच मत, मग त्याने कितीही भाग घेतले असोत.

पण मिळालेला कारभारही हातातून सुटू शकतो. 7 मार्च 2022ला महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी 2026पर्यंत निवडणूक झाली नाही. राज्यघटना म्हणते मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या. जवळजवळ चार वर्षं 227 प्रभागांत एकही नगरसेवक नव्हता. 2025-26चं 74 हजार कोटींहून मोठं बजेट एका प्रशासकाने मांडलं आणि त्यानेच मंजूर केलं. आमच्या गल्लीत नळाला गढूळ पाणी यायचं तेव्हा वॉर्ड ऑफिसात अर्ज देऊन यायचो, पण सभागृहात उभं राहून त्यावर बोलणारा कुणीच नव्हता. मला जास्त भीती कशाची वाटली सांगू? लोकांना त्याची सवय झाली. दिवसभर ऑफिसात ‘वरून आलंय’ ऐकणाऱ्या माणसाला शहराचंही ‘वरून आलंय’ ऐकताना काही वेगळं वाटेनासं होतं.

म्हणून तुमच्या शेजारच्या त्या मुलाने पोस्ट काढली, ते मला देणगीपेक्षा जास्त लागलं. त्याच्याशी बोला. एकट्याने बोलणाऱ्याला एचआर आत बोलावतं, दहा जण एकत्र बोलले की एचआर बाहेर येतं. प्रश्न एकटीच्या नावाने पाठवू नका, शेअर असलेल्या सहकाऱ्यांच्या सह्या घ्या.

मुलुंडचा कारखानदार

कुर्लेकर, कारखान्यात एका माणसाला एक मत दिलं तर माझं कर्ज बँक कुणाच्या नावावर ठेवणार? जोखीम माझी आहे, घर माझं गहाण आहे. एवढ्याचं उत्तर कधीतरी द्या. मात्र ताईंनी प्रश्न विचारावा याला माझा पाठिंबा आहे.

कुर्ला पश्चिम

दादा, प्रश्न रास्त आहे. ज्याचं घर गहाण त्याचा आवाज मोठा असावा, मान्य. पण ताईंच्या कंपनीत कुणाचं घर गहाण आहे? तिथे भांडवल बँकांचं, म्युच्युअल फंडांचं, म्हणजे तुमच्या-माझ्या एसआयपीचं आणि पीएफचं. तुमच्या कारखान्याचा न्याय तिथे लावू नका.

भांडुपकरीण

सगळ्यांचे आभार. सहकाऱ्यांपैकी काही जण सहीला तयार झाले आहेत, तो शेजारचा मुलगाही. त्याने सर्वात आधी केली. मसुदा असा केलाय:

‘हिशेबाच्या टिपांमध्ये इतर खर्चाखाली दाखवलेल्या राजकीय देणगीबाबत: ही देणगी का दिली? ती कोणत्या पक्षापर्यंत पोहोचली? अशी देणगी देण्याआधी यापुढे भागधारकांची संमती घेणार का? तसंच कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन ग्रुपवरून राजकीय मजकूर पाठवावा अशी अपेक्षा कंपनी धरते का?’

काही बदल सुचवाल का?

नोटीसबोर्ड

चांगला आहे. ‘का दिली’ काढा. त्याला ‘लोकशाही बळकट करण्यासाठी’ असं गुळमुळीत उत्तर येतं, मी स्वतः असली उत्तरं लिहिली जाताना पाहिली आहेत. त्याजागी विचारा: कोणत्या तारखेच्या बैठकीत ठराव झाला, किती संचालक हजर होते, स्वतंत्र संचालकांपैकी कुणी विरोध नोंदवला का, आणि रक्कम साडेसात टक्क्यांच्या मर्यादेत कशी बसते त्याचा हिशेब द्या. मंडळाचं इतिवृत्त भागधारकाला पाहता येत नाही, त्यामुळे तारीख सभेतच विचारावी लागते.

पक्षाच्या प्रश्नात ट्रस्टचं नाव मागा, म्हणजे आयोगाकडचा अहवाल तुम्हाला स्वतः शोधता येईल. कर्मचाऱ्यांचा प्रश्न वेगळ्या परिच्छेदात टाका, नाहीतर अध्यक्ष ‘तो अंतर्गत विषय आहे’ म्हणत सगळंच बाजूला सारतील. आणखी एक जोडा: कंपनी शेअर बाजारातल्या पहिल्या हजारांत असेल तर अहवालात बीआरएसआर असतो, म्हणजे सामाजिक जबाबदारी आणि पर्यावरण यांबाबतचा जोडअहवाल. त्यातल्या सातव्या तत्त्वाखाली कंपनी कोणत्या उद्योग संघटनांची सभासद आहे ते लिहावं लागतं, आणि सरकारी धोरणावर ती कशी छाप पाडते हेही काही कंपन्या लिहितात. तिथे काय लिहिलंय ते देणगीच्या ओळीशेजारी ठेवून वाचा, बराच उलगडा होईल.

सह्या करणाऱ्यांचे फोलिओ किंवा डीमॅट क्रमांक नावापुढे लिहा. नसतील तर सेक्रेटरी ‘भागधारक असल्याची खात्री झाली नाही’ म्हणून परत पाठवतो. नोंदणीची मुदत नोटिशीच्या शेवटच्या पानांवर बघा, आणि सभेनंतर उत्तर काय आलं ते इथे जरूर लिहा.